मदत हवी आहे: मुलीला औषधाच्या चाचणीत घालायचं का?

नमस्कार मंडळी,

माझ्या 9 वर्षांच्या मुलीला फिट्स येतात. चालू औषधाने त्या कमी झाल्यात, पण थांबलेल्या नाहीत. मोठ्यांसाठी आधीच वापरात असलेल्या एका औषधाची आता मुलांवर चाचणी होणार आहे. तिला त्यात घ्यायचं का, असं डॉक्टरांनी विचारलंय. चालू औषध बंद होणार नाही. जोडीला काही मुलांना नवं औषध आणि काहींना प्लासिबो (तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं) मिळेल. कोणाला काय, हे डॉक्टरांनाही कळणार नाही.

मुलांवर चाचण्या होऊच नयेत, असं मला वाटत नाही. 1950 च्या दशकात नवजात बाळांना क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक दिलं गेलं. त्यांच्या कोवळ्या यकृताला ते पचवून बाहेर टाकणं जमेना, ते अंगात साठत गेलं आणि बाळं राखाडी पडून दगावली. आजही मोठ्यांची गोळी मोडून मुलांना अर्धी-पाव दिली जातेच. तीही एक चाचणीच, फक्त तिची नोंद कोणी ठेवत नाही.

पण पालकांची सही घेतली म्हणजे सगळं रीतसर झालं, हेही पटत नाही. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेत 1956 पासून मतिमंद मुलांना मुद्दाम हिपॅटायटिसची लागण केली गेली. पालकांच्या सह्या होत्या! पुढे गर्दीमुळे संस्थेत नवे प्रवेश बंद झाले, तेव्हाही त्या प्रयोगाच्या विभागात मात्र जागा मिळत होती. घरी मूल सांभाळणं अशक्य झालेल्या आईबापांच्या त्या होकाराला होकार कसं म्हणायचं?

माझं घोडं अडलंय ते रक्ताच्या नमुन्यांपाशी. औषध रक्तात किती वेळ टिकतं हे पाहायला जादा नमुने घेणार आहेत. त्यातून पुढच्या मुलांचा डोस ठरेल, माझ्या मुलीच्या उपचारात मात्र काही फरक पडणार नाही. दुसऱ्यांसाठी मी माझा हात खुशाल पुढे करेन, पण तिचा करायचा अधिकार मला आहे का? मुलांसाठी चित्रांचा वेगळा फॉर्म आहे. तिने तो बोट ठेवून वाचला आणि विचारलं, "मी नाही म्हटलं तर डॉक्टरकाका रागावतील?" मुलाचा नकार मानावा, असं माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणारा हेलसिंकी जाहीरनामाही सांगतो. पण ती भिडेपोटी हो म्हणाली तर?

ज्यांनी मुलाला अशा चाचणीत घातलंय किंवा विचार करून नकार दिलाय, त्यांनी कृपया लिहा. मुलाशी काय बोललात? मध्येच बाहेर पडावंसं वाटलं तर खरंच सहज पडता आलं का? गुण आला, तर चाचणी संपल्यावर औषध पुढे मिळालं का? कोणी बालरोगतज्ज्ञ किंवा एथिक्स कमिटीवर (अशा चाचण्या नीतीला धरून आहेत का हे तपासणारी समिती) काम केलेलं असेल, तर हेही सांगा: जादा नमुने नाकारून बाकीच्या चाचणीत राहता येतं का? सही करण्याआधी कोणता कागद मागून घ्यावा? पुढच्या भेटीत उत्तर द्यायचंय.