मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याची पहिलीच टाकी, मुलुंड, चौथा मजला

रानजाई:

मंडळी नमस्कार,

गोड्या पाण्यातले मासे आमच्याकडे वर्षानुवर्षं आहेत. गप्पी, एंजल, टेट्रा, मग पाणवनस्पतींची टाकी, सगळं करून झालं. आता खाऱ्या पाण्याची छोटी रीफ टाकी, म्हणजे मासे आणि प्रवाळ एकत्र, करायचं मनात आहे. मुलीला क्लाउनफिशची जोडी हवी आहे, मला प्रवाळ हवीत आणि नवऱ्याला विजेचं बिल आहे तेवढंच राहायला हवंय. सासूबाई म्हणतात, एवढ्या पैशांत वर्षभराची पापलेटं येतील. त्यावर मी काय बोलणार? बाकीच्यांची उत्तरं मात्र इथे मिळतील म्हणून हा धागा.

टाकी ३ x १.५ x १.५ फूट, म्हणजे काठोकाठ साधारण १९० लिटर, खाली संप (फिल्टर-पंपाची दुसरी छोटी टाकी). पाणी, दगड, काच, स्टँड असं सगळं धरून वजन ३०० किलोच्या वर जातंय. इमारत ऐंशीच्या दशकातली आहे. हॉलमध्ये दोन जागा निघतात. एक म्हणजे हॉलला जोडून घेतलेली बाल्कनी, तिथे उजेड छान येतो. दुसरी सोफ्यामागची भिंत, तिच्या वर बीम दिसतो. नवरा बाल्कनीच्या बाजूने आहे.

आता मुख्य काळजी, उष्णता. चिलरच्या (पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या) किमती ऐकून आधी एक प्रयोग केला. टाकी जिथे यायची तिथेच मे महिन्यात मोठी बादली भरून ठेवली, आत एक छोटा पंप आणि थर्मामीटर. दुपारी चारला पाणी ३१.५ अंश, पहाटे २९. पृष्ठभागावर टेबलफॅन सोडला की दोनेक अंश उतरायचं, पण दुसऱ्या दिवशी बादलीतली पातळी बोटभर खाली गेलेली असायची. एवढ्यावर निभावेल असं वाटत होतं. पण जून लागला, हवा दमट झाली आणि तोच फॅन अर्धा अंशही उतरवेना. एक ओळखीचे म्हणतात, मे महिन्यात आपल्या समुद्राचंच पाणी २९-३० अंश असतं, मासे त्यातलेच, चिलरची चैन कशाला? ऐकायला पटतं. खरं आहे का?

पाण्याचं विचारायचंय. नळाला पालिकेचं पाणी, मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ७०-८० दाखवतं. स्वयंपाकघरातल्या आरओचं १८-२०. वाचते तिथे सगळे शून्य हवं म्हणतात. एवढ्या फरकाने खरंच काही बिघडतं का? शिवाय अलिबागला काका आहेत. दर आठवड्याला मांडव्याहून रो-रोने समुद्राचं पाणी कॅन भरून पाठवायची त्यांची तयारी आहे. फुकटात खरं समुद्राचं पाणी मिळत असताना मीठ विकत घ्यायचं का?

घरात एक जुनी तीन फुटी टाकीही पडून आहे. तिच्यात कधीतरी माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध घातलं होतं. तीच वापरली तर काचेचा खर्च वाचेल.

शेवटचं दुकानाबद्दल. दुकानदार गृहस्थ पॅकेज देतायत: जिवाणूंची बाटली ओतायची, आठ दिवसांत टाकी तयार, मग क्लाउनची जोडी, एक निळा टँग मासा, एक समुद्रफूल (क्लाउन ज्यात राहतो तो प्राणी) आणि "बिलासकट इंपोर्टेड" कडक प्रवाळाचे दोन तुकडे. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) म्हणून जे दगड दाखवले त्यातल्या एकावर बोटभर जाडीच्या फांद्या होत्या आणि फांदीवर टाचणीने टोचावीत तशी ओळीने भोकं. म्हणजे प्रवाळाचा सांगाडाच तो. मी विचारलं तर म्हणाले, मॅडम, सगळे हेच घेतात.

बजेट साठ-सत्तर हजार. घाई अजिबात नाही. जाणकारांनी जरूर लिहावं.

*

विटाचुना:

मासे मला फक्त ताटात कळतात, पण वजनाचं सांगू शकतो. बाल्कनी नको. जुन्या इमारतीत ती बाहेर झुकलेली कँटिलिव्हर स्लॅब असते, आतल्या सळ्यांची अवस्था वरून दिसत नाही, आणि हॉलला जोडताना कोणी काय तोडलं याचा हिशोब सहसा कोणाकडे नसतो. घरातल्या खोल्यांच्या जमिनीचं डिझाइन साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर धरून करतात. तुमच्या टाकीखालच्या जागेपुरतं बघितलं तर ७०० च्या वर जाईल. म्हणून लगेच काही कोसळत नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. पण म्हणूनच भिंतीलगत, बीमवर किंवा बीमच्या अगदी जवळ ठेवायची.

एक गंमत लक्षात घ्या. तुम्हाला वर दिसतो तो तुमच्या छताचा बीम आहे. जमिनीखालचा बघायला तिसऱ्या मजल्यावर जा आणि त्यांच्या हॉलमध्ये मान वर करा. बहुतेक तिथेच असेल, पण बघाच. आणि तीस वर्षांवरच्या इमारतीला मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. अहवाल सेक्रेटरींकडे मागा. "दुरुस्ती आवश्यक" असा शेरा असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा, मग मासे.

*

मचवा:

रानजाई ताई, बादलीचा प्रयोग बेस्ट. इथे लोक आधी मासे आणतात आणि मे महिन्यात धागा काढतात.

फॅन पाण्याची वाफ करून गारवा देतो. जुलैत हवेत आधीच ८५-९० टक्के आर्द्रता असते, वाफ होणार कुठून? तुमच्या बादलीने तेच दाखवलं. मुंबईत फॅन म्हणजे हिवाळा आणि कोरडे दिवस. बाकी चिलर, नाहीतर त्या खोलीत दिवसरात्र एसी.

तुमच्या ओळखीच्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. समुद्र २९ ला जातो, पण सावकाश जातो, आणि एका दुपारीत दोन अंश वर-खाली होत नाही. दुसरं, पाणी जितकं गरम आणि खारं तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्राला लाटा आहेत, तुमच्याकडे पाणी ढवळणारा एक पंप, वेव्हमेकर. तिसरं, प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळ उष्णतेने बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी मरतं. नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त काही आठवडे टिकला की समुद्रातही हेच होतं. पुस्तकात २५ लिहिलं असेल, त्याच्या मागे लागू नका. २६-२७ ला स्थिर ठेवा. २५ आणि २९ मध्ये झोके घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं, आणि चिलरही कमी चालतो.

चिलर घेताना १९० लिटरला "पुरेल" असा सगळ्यात छोटा घेऊ नका, तो एप्रिल-मेमध्ये थांबतच नाही. एक साइझ वरचा घ्या. आणि तो स्टँडच्या कपाटात कोंडू नका. पाण्यातली उष्णता काढून तो खोलीत फेकतो, कपाटात ठेवला की स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. ड्राय बाल्कनी असेल तर तिथे ठेवून पाइप आत आणा. बिलाचं म्हणाल तर १५० वॅटचं यंत्र रोज दहा तास चाललं तर दीड युनिट, महिन्याला ४५. मुलुंडला महावितरण ना? सध्याचं बिल ३०० युनिटांच्या काठावर असेल तर पुढच्या स्लॅबमध्ये जाल, ते तेवढं घरात आधी सांगून ठेवा.

अलिबागचं पाणी नको, काकांना पापलेट पाठवायला सांगा. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असतं, पावसाळ्यात नद्या-नाल्यांनी पातळ होतं, वर बोटींचं तेल आणि सांडपाणी. एक आठवडा चांगलं आणि पुढचा वाईट, हे आधी कळणार नाही. त्यापेक्षा कृत्रिम मीठ. ३५ ग्रॅम प्रति लिटर क्षारता हवी. पहिल्या भरणीला साधारण सात किलो मीठ आणि नंतर आठवड्याला २० लिटर बदलायला पाऊण किलोच्या आसपास. बाथरूममध्ये झाकणाचा निळा ड्रम आणि त्यात एक पंप, मीठ आदल्या रात्री विरघळवायचं. मीठ टाकीत थेट कधीच नाही.

टीडीएस. तुमच्या आरओचं १८ येतं कारण घरगुती यंत्रात चवीसाठी थोडं पाणी वळसा घालून परत मिसळतात किंवा खनिजांची कार्ट्रिज असते. आकड्यापेक्षा त्या १८ मध्ये काय आहे हा प्रश्न आहे. सिलिकेट असेल तर तपकिरी थर, फॉस्फेट असेल तर हिरवं शेवाळ, तांबं असेल तर शंख आणि कोळंब्या गेल्या. शिवाय रोज जे पाणी उडतं ते गोडं उडतं, मीठ मागेच राहतं. भर घालताना तुम्ही १८ टीडीएसचं पाणी वर्षभर आटवत राहणार. वेगळं छोटं आरओ-डीआय घ्या, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही रेझिनने काढणारं यंत्र. शेवटच्या डीआय रेझिननंतर शून्य आलं पाहिजे. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली की दोन दिवस पाणी बनवू नका. मेमध्ये टँकर आला असेल तर आधी मीटर बुडवून बघा, बोअरचं पाणी असेल तर आकडा बघून दचकाल आणि रेझिन महिनाभरात संपेल. आरओचं वाया जाणारं पाणी बादल्यांत धरा, लादी पुसायला होतं.

जुनी टाकी वापरू नका. सिलिकॉनमध्ये तांबं मुरलं असलं तर नंतर थोडं थोडं सुटू शकतं. ती नवीन माशांच्या क्वारंटाइनला ठेवा, तिथे तांबं चालतं.

*

कागदपत्र:

कडक प्रवाळ घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सगळी रीफ बांधणारी दगडी, म्हणजे कडक, प्रवाळं आहेत, शिवाय समुद्रपंखे, काळं प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकडी. म्हणजे वाघाच्या पंक्तीला. शिक्षा तीन ते सात वर्षं. तुम्ही पाहिलेला फांद्यांचा दगड वाळलेला असला तरी गुन्हा तोच. परदेशातून आणलेली दगडी प्रवाळं 'साइट्स' (CITES) या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची नोंदणीही आली. दुकानाच्या बिलाने यातलं काहीही सिद्ध होत नाही. कोस्टल रोडच्या वेळी, २०२० मध्ये, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं हलवायला पालिकेलासुद्धा वन विभागाची परवानगी घ्यावी लागली होती.

आणि कोणी मालवणहून दगड आणून देतो म्हणालं तर हात जोडा. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

*

रानजाई:

बापरे, समुद्रघोडे पण? दुकानात एका टाकीत होते, शपथेवर सांगते. मग रीफ टाकी म्हणून उरलं काय? फक्त मासे आणि दगड?

*

मचवा:

उरतं की. मशरूम, लेदर, झोअँथिड अशी मऊ प्रवाळं, तीही आयातीचे कागद बघूनच. पहिल्या टाकीला तशीही हीच योग्य, कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचं रोजचं गणित त्यांना फारसं लागत नाही. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा, आणि तो दगड कधीही उकळू नका किंवा ब्रशने घासू नका. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, वाफेतून आख्खं घर आजारी पडू शकतं. हे गमतीत घेऊ नका.

दगड कोरडा, मानवनिर्मित घ्या. बाटलीतले जिवाणू अगदीच थापा नाहीत, त्यांनी वेळ वाचतो. पण आठ दिवसांनी पॅकेज भरायचं नाही. जिवाणूंना खाद्य म्हणून टाकीत अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) आणा. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार, याला चार ते सहा आठवडे धरा. मग क्लाउनची जोडी आणि पुढे महिनाभर काही नाही. मधल्या काळात सगळं तपकिरी होईल, घाबरून टाकी धुवायला घेऊ नका.

टँग कॅन्सल. तो फूटभर होतो आणि त्याला पोहायला सहा फूट लागतात. समुद्रफूल निदान वर्षभर नाही, ते जागा सोडून फिरतं आणि वेव्हमेकरमध्ये अडकून सगळी टाकी नासवतं. क्लाउनला ते लागतही नाही. क्लाउन हॅचरीतलीच मागा. आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) त्यांचं प्रजनन केव्हाच जमवलंय, समुद्रातून पकडलेली घ्यायचं कारण नाही.

*

खेकडा_नंबर_एक:

मचवा सगळं बोललेच, फक्त वीज राहिली. १२ ऑक्टोबर २०२० आठवतंय? सगळी मुंबई अंधारात. पंप बंद पडल्यावर भरलेल्या टाकीतला ऑक्सिजन काही तासांत संपतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअरपंप घेऊन ठेवा, काही शे रुपयांचं काम. टाकीच्या सर्किटला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे ओघळणारं खारं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही.

चिलरबाबत माझं थोडं वेगळं मत. फक्त मऊ प्रवाळ आणि क्लाउन असतील आणि हॉलमध्ये रात्री एसी लागत असेल तर २८ वरही चालून जातं, माझं चाललंय. बजेट साठ असेल तर पैसे आधी आरओ-डीआय, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि बरा रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) यांवर घाला.

*

मचवा:

तुमच्याकडे एसी आहे म्हणून चाललंय साहेब. यांच्या बादलीत ३१.५ आलंय.

*

रानजाई:

हॉलला एसी नाही, म्हणजे चिलरच. टँग आणि कडक प्रवाळ गेलं तसे तेवढे पैसे सुटलेही. तिसऱ्या मजल्यावर जाऊन आले, बीम आहे, भिंतीपासून वीतभरही लांब नाही. जुनी टाकी क्वारंटाइनला. आता मासे कुठून घेऊ? कुर्ला की क्रॉफर्ड मार्केट?

*

खेकडा_नंबर_एक:

दोन्हीकडे बघून या, रविवारची गर्दी टाळा. मासा आवडला की दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खात नसेल तर कितीही देखणा असो, सोडून द्या. माल कधी आला ते विचारा आणि आठवडाभर त्याच दुकानात राहिलेला मासा घ्या. रिफ्रॅक्टोमीटर सोबत न्या, निघण्याआधी ३५ च्या द्रावणाने जुळवून घ्या, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने नको. बरीच दुकानं क्षारता मुद्दाम कमी ठेवतात. पिशवीतलं पाणी मोजा, क्वारंटाइनची टाकी आधी तेवढ्यावरच आणून ठेवा आणि मग चार-पाच दिवसांत हळूहळू ३५ वर न्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, बेसिनमध्ये.