आजीला आवडायची म्हणून जुनी कादंबरी थोर?

पानवेडी: परवा इथे एकाने ठोकून दिलं, 'जुन्या कादंबऱ्या कोणी वाचत नाही, आजी-आजोबांच्या आठवणीने नुसते गहिवरतात. निम्मी पानं कापली तरी बिघडणार नाही.' डोकंच फिरलं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' आजीकडून आईकडे, तिच्याकडून माझ्याकडे आली. कॉलेजात अर्धवट टाकली होती. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तिला वाचून दाखवायला घेतली आणि मीच अडकले. विधवा झाल्यावर सक्तीने केलेलं केशवपन नायिका यमू स्वतःच्या तोंडाने सांगते, तेही १८९०च्या दशकात! यात गहिवर कुठे आला?

रोखठोक: ते लिहिणारा मीच. आजी, आई, ऑपरेशन झाल्यावर यमू आली, बघा! आणि पाल्हाळाचं काय? कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. संपादक हरिभाऊ, लेखकही हरिभाऊ. हात आखडायला सांगणार कोण?

पानवेडी: क्रमशः होती म्हणूनच मोठ्याने वाचायला छान! प्रकरण संपलं की आई म्हणते, 'अजून एक.' मनात भराभर वाचणाऱ्यांना काय कळणार?

जुनाखोड: वाचनप्रेमाचं कौतुक पुरे. आमचं 'उषःकाल' मावसभावाने 'दोन दिवसांत देतो' म्हणून नेलं. आता विचारलं तर म्हणतो, 'कुठलं?'

मधलीबहीण: नेणारे परवडले. काकांनी आजोबांची अख्खी पेटी रद्दीत घातली. वाळवी लागली म्हणे!

जुनाखोड: वाळवी लागते हो. पेटी भिंतीला टेकवून ठेवली असणार.

मधलीबहीण: म्हणजे चूक आजोबांची? वा!

रोखठोक: धागा कशाचा, चाललंय काय?

मधलीबहीण: तुम्ही कापायला निघालात तेवढी पानं वाळवीनेही खाल्ली नसतील.

रोखठोक: टोमणे पुरेत. वडिलांनी शाळेत असताना असलाच एक ठोकळा हातात दिला. वर रोज जेवताना उलटतपासणी, 'कितव्या पानावर आलास?' पुस्तक दिसलं की पोटात गोळा यायचा. पुढे संक्षिप्त आवृत्त्या मिळाल्या म्हणून वाचायला तरी लागलो. घरच्या वाचनवेडाने पोरं वाचनापासून तुटतातही, हे कोणी लिहीत नाही.

पानवेडी: हे पटलं, नाइलाजाने. पण वडिलांवरचा राग हरिभाऊंवर का काढताय?

रोखठोक: बरं बाई, वाचतो. अख्खी. उपदेश सुरू झाला की पानं उलटणार, आधीच सांगतो.

जुनाखोड: प्रत कोणाची आणणार? आणि परत कधी देणार?