मार्च २०२०: हातावरचा शिक्का बरोबर होता का?

पायरीवरचा
काल घरी यावरून वाद झाला, आमटी गार झाली, म्हणून इथे टाकतोय. ९ मार्च २०२० ला दुबईहून आलेलं जोडपं पुण्यात कोरोना पॉझिटिव्ह निघालं. तिथपासून २३ तारखेच्या संचारबंदीपर्यंतचे पंधरा दिवस महाराष्ट्र सरकारनं नीट हाताळले, असं माझं मत आहे. पुढचे महिने, खाटा, ऑक्सिजन, तो सगळा वेगळा विषय. तो इथे आणू नका, मीही आणत नाही.

का म्हणतो तेही सांगतो. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे जवळपास रोज कॅमेऱ्यासमोर येऊन आकडा सांगत होते. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे घरातल्या थोरल्या माणसासारखे बोलत होते, दम न देता. आणि बंद एका फटक्यात नाही केलं. १३ मार्चला साथरोग कायदा लावला, मुंबई, नवी मुंबई, पुणे, पिंपरी चिंचवड आणि नागपुरात थिएटर, जिम, तरणतलाव बंद. मग शाळा, मॉल. २० तारखेला मोठ्या शहरांतली कामाची ठिकाणं. २२ च्या मध्यरात्रीपासून लोकल. माणसाला रेशन भरायला, गावी फोन करायला वेळ मिळाला. देशाचा लॉकडाऊन रात्री आठला जाहीर होऊन बाराला लागला, त्याच्याशी ताडून बघा.

१६ मार्चपासून घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला लागले, त्याच्याही मी बाजूनं आहे. झोडा आता.

जुना पेपरवाला
झोडतो. ‘वेळ मिळाला’ कुणाला? २० तारखेची घोषणा झाली आणि लोकमान्य टिळक टर्मिनसवर, पुणे स्टेशनवर माणसांचा लोंढा लागला. सरकार म्हणालं थांबा, लोकांना ऐकू आलं पळा. पायरी पायरीनं बंद करायचं तर पुढची पायरी कोणती, हे आधी सांगावं लागतं. ते सांगितलं नाही. रोज संध्याकाळी नवीन काहीतरी, म्हणून जो तो उद्या काय बंद होईल याचा अंदाज बांधत स्टेशनकडे.

आणि रोजचा आकडा! तपासत कुणाला होते तेव्हा? परदेशातून आलेला आणि लक्षणं असलेला, किंवा अशांच्या संपर्कातला. श्वसनाचा गंभीर त्रास होऊन रुग्णालयात दाखल झालेल्यांची चाचणी करायला आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, सांगितलं ते २० मार्चला. तोवर मुंबईत कुणी परदेशी न जाता आजारी पडला असेल तर तो आकड्यात येणारच कसा? टोपे प्रामाणिकपणे आकडा सांगत होते हे मान्य. पण तो आकडा साथीचा नव्हता, पासपोर्टांचा होता.

पायरीवरचा
पासपोर्टांचा आकडा हे आवडलं. पण चाचणीचे निकष आयसीएमआरचे, विमानतळ केंद्राचा. ते जोडपं १ मार्चला उतरलं. सगळ्या आंतरराष्ट्रीय प्रवाशांची तपासणी करायचा निर्णय ४ मार्चचा. आखातातून येणाऱ्यांना सक्तीचं विलगीकरण तर १८ मार्चपासून. राज्यानं काय, धावपट्टीवर जाऊन उभं राहायचं होतं?

खिडकीतून
शिक्क्याबद्दल बोलताय म्हणून लिहिते, एरवी मी नुसती वाचते.

माझ्या हातावर होता तो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात परत आले. रांग, ताप मोजायची ती बंदूक, एक फॉर्म, मग एका मुलीनं माझा हात धरून ठप्प. काळपट जांभळी शाई, खाली पेनानं तारीख. तिच्या हातात साधे पातळ हातमोजे होते आणि ती दर माणसामागे ‘सॉरी हां’ म्हणत होती, ते अजून आठवतं. टॅक्सीत बसले तेव्हा आपोआप हात ओढणीखाली गेला. लिफ्टमध्येही. काहीही गुन्हा केलेला नसताना.

त्या चौदा दिवसांत सरकारी माणसाचा मला एकही फोन आला नाही. कागदावर हेल्पलाइन होती, ती लागायची नाही. कोणती महापालिका ते सांगत नाही. फोन आला तो सोसायटीच्या सेक्रेटरींचा, आणि त्यांची चौकशी अशी की कामवाल्या मावशी तुमच्याकडे येऊन गेल्या का. शिक्का माझ्यासाठी नव्हताच. तो शेजाऱ्यांसाठी होता.

कंटाळलेला इंजिनीयर
ताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईट. पण तुम्ही घरी बसलात. सगळे बसत नव्हते. १८ मार्चला गरीब रथ एक्स्प्रेसमधून चौघांना पालघरला उतरवलं, जर्मनीहून आलेले, हातावर शिक्के, निघाले होते सुरतेकडे. सहप्रवाशांनी शिक्के बघितले म्हणून कळलं. शिक्का नसता तर?

आमच्याच नात्यात एक महाशय परदेशातून आल्यावर तिसऱ्या दिवशी साखरपुड्याला हजर. वर सगळ्यांना चॉकलेटं वाटली. ‘मला काही होत नाहीये’ हे त्यांचं वैद्यकीय मत. अशांना नुसतं समजावून भागत नाही हो. चार लोकांत लाज वाटेल तेव्हाच आपल्याकडे माणूस हलतो.

जुना पेपरवाला
लाजेनं माणूस हलत नाही, लपतो.

कायदा कोणता लावला ते बघा. १८९७ चा. मुंबईच्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे सोल्जर घरोघर घुसून रोगी शोधत होते. लोक काय करायला लागले? आजारी माणूस लपवायला लागले. जून महिन्यात चापेकरांनी रँडला गोळी घातली. तेव्हाची जबरदस्ती आणि आजचा शिक्का एकच, असं मी म्हणत नाही. कायदा जुना म्हणून वाईट, असंही नाही. पण ज्या शहरात हा धडा एकदा गिरवून झालाय तिथेच पहिले रुग्ण सापडले, आणि बघता बघता त्यांची नावं व्हॉट्सॲपवर फिरत होती. आम्ही कुठून आलो, कुणाला भेटलो हे त्या घरानं खरं खरं सांगितलं म्हणून पुढचे सापडले. बक्षीस काय मिळालं?

दहावीची आई (२०२०)
विषयांतर करते. दहावीचा इतिहासाचा पेपर झाला आणि २३ मार्चचा भूगोल आयत्या वेळी पुढे ढकलला, मग रद्दच केला. ‘पुढे ढकलला’ या दोन शब्दांवर माझ्या पोरीनं तीन आठवडे नकाशे पाठ केले. पुढची पायरी आधी सांगायला हवी होती, या मुद्द्याला माझं +१.

पायरीवरचा
भूगोलाचं दुःख महाराष्ट्र विसरणार नाही. 🙂

पण पेपरवाले, तुम्ही एक मोठी गोष्ट गाळताय. नावं सरकारनं फोडली नव्हती. पत्रकार परिषदेत सांगत होते की ओळख उघड करू नका, त्या कुटुंबाला त्रास देऊ नका. आणि ते जोडपं बरं होऊन २५ मार्चला, ऐन पाडव्याला, पुण्याच्या नायडू रुग्णालयातून घरी गेलं, ती बातमी सगळीकडे पोचली. हा रोग झाला म्हणजे संपलं असं नाही, हे लोकांना तेव्हा पटलं.

उंबरठा
सगळे ‘दुबईचं जोडपं’ म्हणताय. त्यांना मुंबईहून पुण्याला घेऊन आलेला टॅक्सीवाला कुणाला आठवतोय का? १० मार्चला तोही पॉझिटिव्ह होता. तो कुठल्या विमानात बसला नव्हता, कुठल्या यादीत नव्हता. त्यानं भाडं मारलं.

माझी तक्रार शिक्क्याबद्दल नाही आणि भाषणांबद्दलही नाही. भाषणं चांगलीच होती. पण ‘घरी थांबा’ ज्याला म्हणायचं त्याचं चौदा दिवसांचं काय, याचं उत्तर त्या पंधरा दिवसांत आलं नाही. पगारी माणसाला सांगितलं की ऑफिस बंद, घरून काम कर. मालकांना विनंती केली की पगार कापू नका. ज्याला मालकच नाही त्याला? रिक्षा, टॅक्सी, वडापाव, चार घरची धुणीभांडी. यांच्यातल्या एखाद्याला १५ मार्चला कणकण आली असती तर त्यानं काय करावं, अशी अपेक्षा होती? क्रोसिन घेऊन गाडी काढली असती. मीही तेच केलं असतं.

स्टेशनवर जो लोंढा दिसला तो घाबरट नव्हता. हिशेब पक्का असलेली माणसं होती ती. खोलीचं भाडं चालू, कमाई बंद, गावात निदान छप्पर फुकट.

कंटाळलेला इंजिनीयर
पहिल्याच आठवड्यात लाखो लोकांच्या खात्यात पैसे टाकायचे? कुठल्या यादीवरून? यादीच नसते आपल्याकडे.

उंबरठा
शिक्का मारायला यादी होती.

कंटाळलेला इंजिनीयर
ती विमानाची होती. 😐 बरं, समजलं.

पण केरळचं उदाहरण कुणी काढायच्या आत सांगतो. त्यांना २०१८ चा निपाह विषाणू अंगावर घेऊन झाला होता, आणि वुहानहून आलेली विद्यार्थिनी ३० जानेवारीलाच सापडली. तयारीला महिना जास्त मिळाला.

जुना पेपरवाला
आणि आपण २००९ चा स्वाइन फ्लू बघितलाच नव्हता? देशातला पहिला मृत्यू पुण्यात. त्याच नायडूसमोर रांगा. तोंडाला रुमाल बांधून फिरणारं पुणं मी स्वतः पाहिलंय.

पायरीवरचा
टॅक्सीवाल्याच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. पंधरा दिवस नीट हाताळले म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर टीव्हीपुढे बसलेला मीच होतो, हे कबूल. शिक्क्याबद्दल मात्र अजून हटत नाही. दुसरं काही हाताशी नव्हतं. ॲप नाही, माणसं कमी, विमानं उतरतच होती.

खिडकीतून ताई, एक विचारतो, राग मानू नका. ताप वगैरे आला होता का नंतर?

खिडकीतून
राग कसला. काही आलं नाही. भांडी घासून घासून पाचव्या दिवशी शाई पुसट झाली. सेक्रेटरी दाराबाहेरून म्हणाले, हात दाखवा. दिसेना. मग त्यांच्यासमोर बॉलपेन घेतलं आणि तारीख मीच परत गिरवली.