नदाल २४, फेडरर १६: एवढ्यावर विषय संपतो का?

तापीकाठचा
शनिवारी शेतात भरीत पार्टी होती. बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजत होती आणि इकडे आमचा वाद पेटला. मित्र एकच आकडा धरून बसला: टेनिसमधल्या आपसातल्या लढतींत नदाल २४, फेडरर १६. पण हा आकडा जरा फोडून बघा की. ४० पैकी १६ सामने मातीवर झाले, तिथे नदाल १४-२. बाकीच्या २४ मध्ये फेडरर १४-१० ने पुढे आहे!

भुसावळचा भो
वा भो! गणिताचा पेपर सोडून टक्केवारी काढायची? मग मी पण बारावीला बोर्डात आलो असतो.

तापीकाठचा
तसं नाही. फेडरर पॅरिसला (मातीवरच्या फ्रेंच ओपनला) फायनलपर्यंत पोचायचा म्हणून तर नदालकडून मार खायचा. २००६, २००७, २००८, तिन्ही वर्षं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत गारद झाला असता तर रेकॉर्ड चांगलं दिसलं असतं. आणि अमेरिकन ओपन त्याने २००४ पासून सलग ५ वेळा मारली, तिथे हे दोघे एकदाही भिडले नाहीत.

धुळ्याची ताई
मातीला किती दोष द्याल? (ती माती तरी कुठे, विटेचा चुरा तो.) २००७ च्या पॅरिस फायनलमध्ये फेडररला १७ ब्रेक पॉइंट (समोरच्याची सर्व्हिस मोडायची संधी) मिळाले, साधला एक. बरं, २००८ ला विम्बल्डनच्या गवतावर? १३ पैकी एक. शिवाय २००४ मध्ये मायामीच्या हार्ड कोर्टवर १७ वर्षांच्या नदालने या नंबर एकला ६-३, ६-३ असा घरी पाठवला. मला तर तो नदालचा डावखुरा टॉपस्पिन (चेंडू उंच उसळवणारी फिरकी) दिसतो. एका हाताच्या बॅकहँडला चेंडू खांद्यावर यायचा आणि फेडररची पंचाईत व्हायची.

तापीकाठचा
ब्रेक पॉइंटचं मान्य, ताई. ते मलाही टोचतं. पण २०१७ ला तोच बॅकहँड पुढे सरसावून मारायला लागला आणि वर्षातले चारही सामने जिंकला. म्हणजे उपाय होता, सापडायला उशीर झाला.

भुसावळचा भो
पस्तिशीत सापडला! तोवर २३-११ झालं होतं ना राजा.

केळीवाला
तुमचं चालू द्या. तिसरा गडी जोकोविच नदालपुढे ३१-२९ आणि फेडररपुढे २७-२३ आहे.

तापीकाठचा
याला पार्टीला कोणी बोलावलं रे?