पुढचा चढ आधीच ओळखून गाडीची ताकद ठरवणं: याला पेटंट मिळावं का?

चढणकर (धागाकर्ता)

एक दावा (पेटंटच्या अर्जात नेमका कशावर हक्क हवा ते सांगणारं वाक्य) समजा. मीच रचलाय, कुणाच्या अर्जातला नाही:

"वाहन ज्या रस्त्याने पुढे जाणार आहे त्या रस्त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची अंदाजून, त्यानुसार वाहनाच्या इंजिनाची वा मोटरची शक्ती नियंत्रित करण्याची पद्धत."

यावर पेटंट मिळावं का? (शासकीय मराठीत 'एकस्व'. तो शब्द वापरला तर धागा कुणी उघडणार नाही.)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या नेमक्या जागी पडतील. हा विषय पेटंटच्या दारातून आत यायलाच हवा. आत आल्यावर ठेवायचा की हाकलायचा, ते नंतर बघू. चर्चेत ही दोन भांडणं कायम एकमेकांत गुंततात. "हे तर नुसतं गणित" म्हणणारा पहिलं भांडतो, "हे कुणालाही सुचेल" म्हणणारा दुसरं.

पहिल्यासाठी अमेरिकेतले दोन जुने निकाल शेजारी ठेवा. १९७८ चा पार्कर वि. फ्लूक: रासायनिक प्रक्रियेतली धोक्याची पातळी सूत्राने सतत नव्याने काढायची. हाती काय आलं, तर नवा आकडा. पेटंट नाही. १९८१ चा डायमंड वि. डीअर: साच्यातलं रबर कधी पक्कं होईल हे अऱ्हेनियसच्या समीकरणाने सतत मोजत राहायचं आणि वेळ भरली की साचा आपोआप उघडायचा. हे पात्र ठरलं. समीकरण दोन्हीकडे होतं, साचा एकीकडेच उघडला. आपल्या दाव्यात गाडीची ताकद प्रत्यक्ष बदलते, म्हणून आपण डीअरच्या पंगतीत.

शून्यदावा

ताकद बदलली की डीअर? इतकं सोपं असतं तर अमेरिकन ॲक्सल वि. नीॲपको झालंच नसतं. तिथे तर हातात धरता येणारी वस्तू होती हो. प्रॉपेलर शाफ्टच्या पोकळ नळीत अस्तर बसवून थरथर कमी करायची. तरी फेडरल सर्किटने (अमेरिकेतलं पेटंटची अपिलं ऐकणारं न्यायालय) त्यातला एक दावा उडवला, कारण दाव्यात एवढंच होतं की अस्तर असं जुळवा की थरथर कमी होईल. कसं जुळवायचं ते नाही. म्हणजे हूकचा नियम (जितका जोर तितका ताण) लावा आणि फळ मिळवा. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला.

आता तुमचा दावा परत वाचा. "उंची अंदाजून त्यानुसार शक्ती नियंत्रित करणे." कशी अंदाजायची? नाही. किती नियंत्रित करायची? नाही. चढाला जास्त जोर लागतो हा गुरुत्वाकर्षणाचा नियम झाला, त्यावर कुणाची मालकी नाही. आणि चढाआधी वेग घेणं, माथा जवळ आला की पाय सैल सोडणं हे कुठलाही मुरलेला चालक डोळे किलकिले करून करतो.

चढणकर

अमेरिकन ॲक्सल मांडलंत, पण अर्धंच. पूर्ण पीठापुढे फेरविचार करायचा का, यावर त्याच न्यायालयात ६ विरुद्ध ६ अशी मतं पडली. खुद्द सरकारी वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला प्रकरण ऐकून घ्या असं सुचवलं होतं. ज्या निकालावर बारा न्यायाधीश बरोबर मधोमध दुभंगतात, तो माझ्या डोक्यात हाणायला फार भक्कम दगड नाही.

"कसं ते नाही" हे मात्र मान्य. मुद्दाम तसा लिहिला होता. 🙂

दोन_ओळी

शंका. रस्त्याची उंची नकाशात साठवलेलीच असेल तर ती "अंदाजली" कशी? वाचली म्हणा. पंचांगात तिथी बघण्याला कुणी भविष्य सांगणं म्हणत नाही.

नकाशेवाला

दोन ओळींत मर्मावर बोट. मी या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

अंदाज दोन गोष्टींचा असतो. पहिला, गाडी कुठे जाणार? पुढे फाटा आहे, डावा फाटा डोंगरावर चढतो, उजवा खालून जातो. चालकाने मार्ग टाकलेला नसेल तर संगणकाला एक फाटा धरून चालावं लागतं. दुसरा, नकाशातल्या उंचीवर विश्वास किती ठेवायचा? लोकांना वाटतं उंची म्हणजे पक्का आकडा. २००० सालच्या फेब्रुवारीत एन्डेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा बहुतेक भूभाग मोजला. तशा नकाशात जमीन असते, रस्ता नसतो. पूल असेल तिथे नकाशा दरीत उतरतो. बोगदा असेल तिथे डोंगर चढून पलीकडे उतरतो.

आमच्या चाचणीच्या ट्रकने एकदा बोगद्याच्या तोंडाशी दोन गियर खाली टाकले आणि सपाट रस्त्यावर इंजिन बोंबलायला लागलं. चालक जुना माणूस. शांतपणे म्हणाला, "हिला डोंगर दिसतोय. आपल्याला नाही."

बोगदा सोडा, साध्या रस्त्यावरही गंमत आहे. ताकदीला चढ लागतो, आणि चढ म्हणजे दोन उंचींतला फरक. फरक काढला की चूक फुगते. १०० मीटर अंतरावरच्या दोन बिंदूंत मिळून २ मीटरची चूक पडली, तर चढ २ टक्क्यांनी चुकला. ४० टनांचा ट्रक ताशी ८० किमीने जातोय असं धरा. तेवढ्या चढासाठी सुमारे १७५ किलोवॅट जास्त लागतात. दोन मीटर कुठे आणि पावणेदोनशे किलोवॅट कुठे! मुरलेल्या चालकाचे डोळे ही चूक करत नाहीत, त्यामुळे "चालक हेच करतो" हे मला पटत नाही. चालकाला समोरचा डोंगर दिसतो. आमच्या यंत्राला डोंगराबद्दलची अफवा मिळते, आणि अफवेवर किती जोर लावायचा हेच आमचं काम.

शून्यदावा

अफवेचं आवडलं. पण अफवा गाळण्याची चाळणीसुद्धा जुनीच आहे. काल्मन फिल्टर, म्हणजे चुका असलेल्या मोजमापांतून खरा आकडा अंदाजायची गणिती रीत, १९६० चा. हवेच्या दाबावरून उंची त्याहून कितीतरी जुनी. आणि चढ आधी कळला तर ट्रकने काय करावं? स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२० किमीच्या मार्गावर सुमारे ३.५ टक्के इंधन वाचलं, पोचायला वेळही जास्त लागला नाही. २०१२ च्या सुमारास स्कानिया आणि डायमलर अशा प्रणाली बाजारात विकत होते. म्हणजे चढणकरांचा दावा दारातून आत आला, तरी आतल्या खोलीत मरतो. नवाच नाही.

राहिलं जुन्या तुकड्यांची मोट बांधणं. २००७ चा केएसआर वि. टेलीफ्लेक्स गाडीच्या पेडलवरचाच होता: मागेपुढे सरकणारं पेडल आणि त्याला जोडलेला इलेक्ट्रॉनिक सेन्सर. दोन ओळखीच्या गोष्टी ओळखीच्या रीतीने जोडल्या आणि अपेक्षित तेच घडलं, तर त्याला शोध म्हणत नाहीत.

नकाशेवाला

चाळणी जुनी, कबूल. पण चाळणी तुम्हाला एवढंच सांगते की उंची बहुधा इतकी, शंका इतकी. त्या शंकेचं पुढे काय करायचं ते सांगत नाही. इथे दोन चुका सारख्या नसतात. नसलेला चढ धरला तर थोडं इंधन वाया जातं. असलेला चढ धरलाच नाही तर भरलेला ट्रक चढाच्या मध्यावर वेग हरवून बसतो, मागे रांग. म्हणून शंका वाढली की ताकद कमी करायची नाही, उलट चढाच्या बाजूला झुकतं माप द्यायचं. उतारावर मात्र शंका असेल तर उतार धरायचाच नाही. हे मला कुठल्या पाठ्यपुस्तकात तयार मिळालं नव्हतं.

बॅटरीवाल्या गाड्यांत तर आणखी उलटंपालटं होतं. १८०० किलोची हायब्रिड ५०० मीटर उतरते तेव्हा जवळजवळ अडीच किलोवॅट-तास ऊर्जा मोकळी होते. घर्षणात आणि हवेत बरीच जाते, तरी बॅटरी लहान आणि आधीच भरलेली असेल तर उरलेली सगळी ब्रेकमध्ये जळते. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी बॅटरी मुद्दाम रिकामी करत आणायची. आणि अंदाज चुकून उतार आलाच नाही तर? रिकामी बॅटरी घेऊन पुढचा चढ.

शून्यदावा

झुकतं माप हा तुमचा मुद्दा पहिल्यांदाच खरा वाटला. त्यावर लगेच उत्तर नाही माझ्याकडे. पण मूळ दाव्यात त्यातलं अक्षरही नाही. तुमच्या घामाचं श्रेय चढणकरांच्या सव्वा ओळीला कशाला?

कलमबहाद्दर

उशिरा आलो. मी मसुदे लिहितो, तेव्हा शब्दांवरच बोलेन.

मूळ दाव्यातला सगळ्यात घातक शब्द "उंची". चढ कळायला उंची लागते हे वर आलंच. पण उंची स्वतःही इंजिनाला जाणवते: ३००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने साधारण चौथ्या हिश्शाने कमी. पुढे हवा विरळ आहे म्हणून टर्बोचा दाब बदलणारी प्रणालीसुद्धा या दाव्यात अडकते. एका शब्दात दोन वेगळे शोध, आणि दुसऱ्याबद्दल वर्णनात काहीच नसेल तर परीक्षक इथेच धरेल.

दाराचा वाद मला अमेरिकेबाहेर निरर्थक वाटतो. युरोपात कॉमविक निर्णयापासून (२००२) रीत ठरलेली आहे: गाडीचं नियंत्रण तांत्रिक आहेच, दार उघडं. मग जे घटक तांत्रिक परिणामाला हातभार लावतात तेवढेच कल्पकतेच्या तराजूत टाकायचे. त्यात गणितही बसतं, इंजिनापर्यंत पोचत असेल तर. भारतातल्या पेटंट कायद्यात कशाला पेटंट नाही ते सांगणाऱ्या कलम ३(के) मध्ये "पर से" (निव्वळ तेवढंच) ही सवलत संगणक प्रोग्रॅमला जोडलेली आहे, गणिती पद्धतीला नाही. त्यामुळे तिथे नकाशेवाल्यांचा "झुकतं माप" सूत्र म्हणून लिहिलं तर अडकेल, गियर आणि टॉर्क (चाक फिरवणारा जोर) धरून लिहिलं तर श्वास घेईल.

खरी गोम वेगळीच आहे. समजा नकाशेवाल्यांना अरुंद, प्रामाणिक पेटंट मिळालं. प्रतिस्पर्ध्याच्या ट्रकमध्ये तेच चाललंय हे कळणार कसं? बाहेरून दिसतं एवढंच की ट्रकने चढाआधी गियर बदलला. आतल्या नियंत्रकात शंकेचा आकडा होता की चालकाने पाय दाबला होता, कोण सांगणार? म्हणून कंपन्या सव्वा ओळीचा दावा मागतात. लोभ असतोच, पण उल्लंघन डोळ्याला दिसावं हेही असतं. अरुंद दावा लिहायचा म्हणजे वीस वर्षांच्या हक्काच्या बदल्यात युक्ती जगाला सांगून बसायचं, आणि चोर पकडता येत नाही.

शून्यदावा

मग गुपित ठेवा की! चोर पकडता येत नाही म्हणून अख्ख्या आळीला कुलूप लावायचं हा कुठला न्याय?

नकाशेवाला

गुपित ठेवलं तर पुढचा माणूस पुन्हा बोगद्याच्या तोंडाशी दोन गियर खाली टाकणार. आम्हालाही कुणीतरी आधी लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

आणि बाहेरून अगदीच कळत नाही असं नाही. बोगद्याच्या रस्त्यावर ट्रक न्यायचा, नकाशा मुद्दाम चुकीचा भरायचा, काय करतो बघायचं. शंका धरणारा ट्रक आणि न धरणारा ट्रक वेगळे वागतात.

कलमबहाद्दर

हे बरंय. मग दाव्यात तेच वागणं लिहा.

चढणकर

मूळ दावा मागे घेतो. शून्यदावांचं नावीन्याबद्दलचं बरोबर होतं. दाराबद्दल मात्र मी हटलेलो नाही. नवा मसुदा, वर्णनात टर्बो नाही, दाव्यात "उंची" एकटी नाही:

"नकाशातील उंचीवरून पुढील रस्त्याचा चढ व त्या चढाची शंका काढून, रस्ता बोगदा, पूल वा तत्सम बांधकामातून जात असल्यास शंका वाढवून, शंका ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असताना चढाच्या अंदाजानुसार टॉर्क राखीव ठेवणारी परंतु उताराच्या अंदाजानुसार टॉर्क कमी न करणारी नियंत्रण पद्धत."

नकाशेवाला

बोगद्यात आधी शंका वाढवून मग चढासाठी टॉर्क राखून ठेवलात तर माझा ट्रक पुन्हा बोंबलणार. बोगद्याला वेगळा नियम हवा: तिथे चढ दोन्ही तोंडांच्या उंचीवरून काढायचा.

शून्यदावा

बघा, लिहायला बसलं की कळतं. आणि तो "तत्सम" काढा. मग बोलू.

कलमबहाद्दर

"तत्सम" काढला तर डोंगर खोदून काढलेला रस्ता सुटतो. नकाशा तिथेही डोंगरच दाखवतो.