मदत हवी आहे: टिक मुलाची, खातं माझं. मग करार कोणाशी झाला?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेजवळ राहतो. मुलगा 16 वर्षांचा, अकरावीत आहे.

मागच्या आठवड्यात मी पोळ्या करत होते, हात कणकेत. "आई, पिन सांग ना, टेस्ट सीरिज घ्यायचीय, 499 ची," म्हणाला. मी सांगितला. संध्याकाळी बँकेचा मेसेज बघते तर 14,500 गेलेले! पोरगं रडकुंडीला आलं. त्याला शेजारी बसवून तेच पान पुन्हा उघडायला लावलं. टेस्ट सीरिजखाली बारीक करड्या अक्षरांत 'वार्षिक मेंबरशिप', तिच्यापुढे आधीच टिक. त्याखाली 'मी 18 वर्षांवरील असून सर्व अटी मान्य आहेत', तिथेही टिक तयारच. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

कस्टमर केअरवाले म्हणतात, पैसे परत नाहीत. अटींत लिहिलंय की वाद लवादापुढेच (म्हणजे कोर्टाऐवजी खासगी पंचापुढे), आणि तोही बेंगळुरूला. साडेचौदा हजारांसाठी इंदूरहून बेंगळुरूला कोण जाणार?

थोडं वाचलं. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 11 प्रमाणे अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या, मुलाला करार करता येत नाही, आणि 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वांत वरचं अपील न्यायालय) मोहोरी बीबीच्या खटल्यात असा करार मुळातच रद्दबातल ठरवलाय. पण कस्टमर केअरवाले म्हणतात, "पेमेंट तुमच्या खात्यातून, म्हणजे संमती तुमची." इथे मी अडकलेय. वयाची खोटी टिक तशीच राहू दिली ही मुलाची चूक आहे, ती मला लपवायची नाही. तक्रारीत हे कसं मांडू?

प्रतिसाद

ताई, सगळ्यात आधी पिन बदला.

तक्रार तुमच्याच नावाने करा. पैसे देणारा ग्राहक असतो, आणि त्याच्या संमतीने सेवा वापरणाराही ग्राहकच. तुमची संमती 499 ला होती, एवढं सरळ लिहा. मुलाचं वयही खरं तेच लिहा. खरा जोर मात्र त्या तयार टिकेवर द्या. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार आधीच टिक केलेल्या चौकटीला संमती धरता येत नाही. न मागितलेली वस्तू बिलात घुसवणं हे नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नच्या (वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीच्या) मार्गदर्शक सूचनांत 'बास्केट स्नीकिंग' म्हणून नावानिशी आहे.

बेंगळुरूची काळजी सोडा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 ने तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे इंदूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. लवादाची अट ग्राहक आयोगाची वाट अडवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितलंय. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. पण पहिल्यांदा त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल टाका. त्याचं नाव वेबसाइटवर द्यावंच लागतं. 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण बंधनकारक आहे. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार! 'संमती 499 ला होती' हे वाक्य मला सापडतच नव्हतं. अधिकाऱ्याचं नाव मुलानेच शोधलं, वेबसाइटच्या अगदी तळाला होतं. मेल तोच लिहितोय, वयाच्या टिकेसकट. पाठवायच्या आधी इथे टाकते, कुणी नजर घालाल का?