नुसतं समोर उभं राहिलं की झाला काउंटरबॅलन्स?

वजनकाटा: हल्ली पेपर उघडा नाहीतर टीव्ही लावा, जिथे तिथे काउंटरबॅलन्स. चीनला भारत काउंटरबॅलन्स, या नेत्याला तो नेता काउंटरबॅलन्स. अरे शब्दाची फोड तरी बघा, काउंटर आलं लॅटिन कॉन्ट्रावरून, म्हणजे विरुद्ध, आणि बॅलन्स आलं बिलांक्सवरून, म्हणजे दोन पारड्यांचा तराजू. समोर तेवढंच वजन पडलं तर काउंटरबॅलन्स, नाहीतर तो आपला साधा विरोध.

शाफ्टमधला: "तेवढंच" हे कुठून आणलंत? मी लिफ्टच्या मेन्टेनन्समध्ये आहे. रोपवर चालणाऱ्या लिफ्टचं काउंटरवेट, म्हणजे रोपच्या दुसऱ्या टोकाला लटकणारं वजन, केबिनच्या बरोबरीचं ठेवतच नाहीत, रिकामी केबिन अधिक फुल लोडच्या ४० ते ५० टक्के असा हिशोब असतो. समजा ६ माणसांची लिफ्ट, म्हणजे ४०८ किलो लोड, आणि केबिन ६०० किलोची, तर काउंटरवेट ८०० च्या आसपास. त्यामुळे रिकामी लिफ्ट खाली आणायला मोटरला जास्त जोर लागतो, वर न्यायला नाही, सोसायटीत कुणाला पटत नाही ती गोष्ट वेगळी. बरोबरीचं वजन लावलं असतं तर फुल लोडला ४०८ चा अख्खा फरक मोटरवर आला असता, आता जेमतेम २०० चा येतो.

चिंचोका: +१. किराणावाल्याच्या जुन्या तराजूत एक पारडं हलकं असेल तर त्याला खडा नाहीतर तारेचा तुकडा बांधायचे, तोच पासंग. एवढासा असायचा पण काटा मध्यावर आणायचा. भारत एकटा चीनएवढा नाही हे दिल्लीलाही कळतं, म्हणून तर क्वाडमध्ये अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया सोबत घेतलेत ना.

वजनकाटा: म्हणजे भारत पासंग? छान!! आणि खडा बांधल्यावर दोन्ही पारडी सारखीच होतात की, मी वेगळं काय म्हणतोय.

खतावणी: मी वजनकाटाच्या बाजूने. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅश बँकेत भरल्याची कॉन्ट्रा एंट्री मारतो तेव्हा बँक जेवढी डेबिट तेवढीच कॅश क्रेडिट, एक रुपया इकडेतिकडे झाला तर एंट्री सेव्हच होत नाही. शब्द तोच, कॉन्ट्रा.

शाफ्टमधला: खात्यातला रुपया जागचा हलत नाही हो, लिफ्टमध्ये दर मजल्याला माणसं चढतात उतरतात. बदलत्या वजनाला बरोब्बर तेवढंच वजन कुठून आणणार? म्हणून निम्मा लोड धरून चालतात, दोन देशांचंही तसंच.

वजनकाटा: बरं, मग चीनचा निम्मा लोड किती धरायचा ते तेवढं सांगा.